चुकायचं वावर

उत्तमराव दुकानात शिरले की मी आधी तूरडाळीच्या कट्ट्याकडे, म्हणजे पोत्याकडे, धाव घ्यायचो. हातातलं गिऱ्हाईक गेलं उडत. पण बहुतेक वेळा माझ्या आधी त्यांचा हात तिथे पोचलेला असायचा. वरवर चाचपून थांबतील तर ते उत्तमराव कसले! बाही सरसावून कोपरापर्यंत हात आत, डोळे मिटलेले, आणि दुकानात चार बाया उभ्या असताना मोठ्यानं निकाल, "शेट, खालची डाय ओली हाय. पलटून घ्या, नाईतं बुरशी धरंल."

आता मला सांगा, हे कोणत्या दुकानदाराला सहन होईल? त्या हाताच्या नखांत काळी माती, बोटांना शेणाचा वास, आणि तोच हात माझ्या निवडक डाळीत. मी करवादायचो, "उत्तमराव, हात धुऊन तरी येत जा हो." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "धुतलेल्या हाताले काई समजत नाई, शेट." बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यातली एखादी डाळ न घेताच निघून जायची. संध्याकाळी मी कट्टा उपसून बघायचो तर खालची डाळ खरंच सादळलेली असायची. त्याचा मला जास्त राग यायचा.

गेल्या हिवाळ्यात उत्तमराव गेले. आता कट्ट्यात हात घालणारं कोणी नाही आणि डाळ सादळली तर मला उशिरा कळतं. माणूस गेल्यावर त्याच्या ज्या गोष्टीचा आपण तिरस्कार करत होतो तीच आधी आठवते, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

मेडशीत आमचं किराणा दुकान मारुतीच्या देवळासमोर आहे. आम्ही जैन, आजोबांपासून इथलेच. पण शेती आमच्या घरात कधी नव्हती, त्यामुळे पाऊस पडला की गावाला पेरणी आठवते आणि मला छपराखालची साखर. उत्तमरावांशी माझी ओळख वाढली ती गुळामुळे. ते दर पंधरवड्याला गूळ आणि बेसन घेऊन जायचे. घरात नवरा-बायको दोघंच. मुलगी लग्न होऊन अकोल्याकडे. मला वाटायचं, या घरात रोज लाडू वळतात की काय. एकदा न राहवून विचारलं, तर हाताला धरून घरीच घेऊन गेले. परसात निळा ड्रम. त्यात शेण, गोमूत्र, बांधावरची मूठभर माती, माझंच बेसन, आणि त्यात विरघळणारा माझा नंबर एकचा गूळ. उत्तमराव काठीनं ढवळत होते आणि मी नाकाला रुमाल लावून उभा होतो.

"जीवामृत हाय शेट. वावराले पाजाचं."

"अहो, पण इतका चांगला गूळ?"

"मंग? पाव्हन्याले काय आपन सडका गूय देतो?" मग काठी बाजूला ठेवून म्हणाले, "घाला हात. कोमट लागते पाहा. जित्तं हाय थे."

मी हात घातला नाही. सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं, असं काहीतरी पुटपुटून सटकलो. तसे ते कोणालाच सोडत नसत. गावात काहीही विचारायला गेलात, खताचं, किडीचं, जमिनीच्या वापशाचं म्हणजे पेरणीजोग्या ओलीचं, की पहिलं वाक्य तेच: हात घाल, मंग बोल. उंच, काटकुळा माणूस. पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, गळ्यात मळका दुपट्टा. गावात चपला घालत, पण वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आले की त्या आपल्या लुनाच्या हँडलला अडकवत आणि बरोबरच्यालाही काढायला लावत. एकदा एक बूटवाला पाहुणा नको म्हणाला, तर हे म्हणाले, "मंग तुमी धुऱ्यावर बसा, बुटाले आत पाठवा." तो खरंच बसून राहिला.

मालेगावच्या रस्त्याला, नाल्याच्या अलीकडे त्यांचा दोन एकरांचा एक तुकडा होता. बाकीचं शेत गावाच्या पलीकडे, त्यावर घर चालायचं. या दोन एकरांवर मात्र त्यांनी एक वेगळंच खूळ काढलं होतं. त्याला ते म्हणायचे चुकायचं वावर.

खुळामागचा विचार साधा होता. शेतकऱ्याला नवीन काही करून बघायचं म्हटलं की ते स्वतःच्याच रानात करावं लागतं. फसलं तर साल गेलं, आणि वर गाव दहा वर्षं हसतं. म्हणून कोणी करतच नाही. औषधाच्या दुकानात जाईल, शेजारी जे नेतो तेच नेईल, शेजारी जेव्हा फवारतो तेव्हाच फवारेल. उत्तमराव म्हणायचे, "चूक करा न बापा. पन तुमच्या वावरात नोका करू. माह्या वावरात येऊन करा."

ज्याला शिकायचं त्याला त्या रानात एक काकर मिळायचा, म्हणजे पेरणीची एक ओळ. दोरीला गाठी मारून ते ओळी आखायचे. ओळीच्या तोंडाशी काठी रोवायची आणि तिला आपापल्या घरची चिंधी बांधायची. कोणाचा लुगड्याचा काठ, कोणाची सदऱ्याची बाही. पुढं त्या ओळीत काय पेरायचं, किती खोल, कसलं खत, कसला अर्क, सगळं ज्याचं त्यानं ठरवायचं. उत्तमराव मधे बोलणार नाहीत. बी-बियाणं त्यांचं, रान त्यांचं, चूक तुमची.

पंचफुलाबाईची पहिली ओळ मला आठवते, कारण त्यावरून माझ्या दुकानासमोर भांडण झालं. गावात सगळ्यात कष्टाळू बाई ती. नवऱ्याच्या तीन एकरांवर राबायची आणि वर दुसऱ्याचं निंदणही करायची. तिचं म्हणणं असं, की बी जितकं खोल तितकं पावसाच्या खंडाला टिकेल. तिनं सोयाबीन चांगलं वीतभर खाली दाबलं. उत्तमराव शेजारीच बसून बघत होते. आठवड्यानं सगळ्यांच्या ओळी हिरव्या झाल्या आणि हिच्या ओळीत कुठं एखादं पिवळट रोप मान काढून उभं.

"भाऊ, तुमाले दिसून राह्यलं व्हतं न?" ती भर रस्त्यात कमरेवर हात ठेवून उभी. "मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तुमी आयकलं असतं."

"मंग?"

"आयकलेलं इसरते, बाई. आता सांगा, पुढच्या खेपेले किती खाली टाकसान?"

पंचफुलाबाईनं रागानंच तर्जनी वर केली आणि अंगठ्यानं तिची दोन पेरं दाखवली. उत्तमराव इतके खूश झाले की माझ्या दुकानातून तिच्या पोरांसाठी शेंगदाण्याची चिक्की घेऊन गेले. त्या दिवसापासून ती त्यांची पहिल्या नंबरची विद्यार्थीण. पुढं पुढं नवीन बायांना तीच ओळीत बसवायची, आणि भाऊंसारखीच गप्प बसायची. तिला ते जड जायचं. ओठ दाबून इकडे तिकडे बघायची.

आणखी एक नियम होता, आणि तो लोकांना फार टोचायचा. फसलेली ओळ मोडायची नाही. काढणीपर्यंत ती तशीच उभी राहिली पाहिजे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली पाहिजे. रामकिसन म्हणून एक घाईखोर गडी आहे, ट्रॅक्टरवाला. त्यानं न कुजलेलं शेणखत भसाभस ओतलं आणि उधईनं, म्हणजे वाळवीनं, त्याची सगळी ओळ मुळातून खाल्ली. त्याचे सासरे त्याच रस्त्यानं येणार होते. हा सकाळीच वखर घेऊन ओळ मोडायला हजर. उत्तमराव त्या ओळीत मांडी घालून बसले. "तुले लाज वाटत असंल तं तू नोको येऊ. तिले उभी राहू दे."

हे सगळं ऐकायला गोड आहे. पण दुसऱ्याच्या चुका सांभाळायचा खर्च कोणाला तरी पडतोच, आणि तो सिंधूबाईंना पडायचा. उत्तमरावांची बायको ही. दोन एकर म्हणजे गमतीची जमीन नव्हे. त्यातून कधी धड पोतं घरी येत नसे. चहापत्ती घ्यायला आल्या की त्या काउंटरला टेकून बोलायच्या, "लोकाईच्या चुका आमच्या चुलीवर शिजतात, शेटजी." त्या विनोदानं बोलत नसत. मला त्यांची बाजू पटायची. मी उत्तमरावांना एकदा तसं म्हणालोही. ते म्हणाले, "तिचं खरं हाय. पन दुसरं कोन देईन वावर?"

मलाही त्यांनी एकदा रानात नेलंच. म्हणाले, शेट, तुमच्या धर्माचं काम हाय. तुरीच्या शेंगेवर एक अळी होती, हिरवी, जाडजूड, आणि तिच्या पाठीवर पांढऱ्या दाण्यांसारखं काहीतरी. ते म्हणाले, ही गांधीलमाशीच्या जातीची अंडी, यातली पिल्लं अळीला आतून खाणार. "तुमी जीव मारत नाई न? मी बी मारत नाई. ज्याचं त्याले खाऊ देतो." मी त्या अळीकडे बघत राहिलो. मला ते काही धर्माचं वाटलं नाही, आणि तसं मी बोललोही. त्यावर ते मनापासून म्हणाले, "हव, मले बी रातच्याले कधी कधी तसंच वाटते." वाद जिंकायची त्यांना हौसच नव्हती.

आता पुढचं सांगणं जड जातं.

एका वर्षी विकत आणलेलं बियाणं बऱ्याच जणांचं उगवलं नाही. तेव्हा उत्तमरावांनी मनावर घेतलं की गावानं आपलं सोयाबीनचं बी आपणच ठेवायचं. दहा-बारा घरं तयार झाली. शिकवणं त्यांच्याच पद्धतीनं. काढणीच्या वेळी मळणीयंत्र सावकाश चालवून दाखवलं. बी सावलीत वाळवलं. प्रत्येकाच्या हातानं ओल्या गोणपाटात शंभर-शंभर दाणे मांडून, गुंडाळून उगवण काढली. ती इतकी छान निघाली की पंचफुलाबाई कोंब आलेलं गोणपाट लेकरासारखं दोन्ही हातांवर घेऊन मला दाखवायला आली होती. सगळ्यांचे कट्टे उत्तमरावांच्या टिनाच्या खोलीत, फळ्यांवर रचून ठेवले. आणि एक गोष्ट त्यांनी प्रत्येकाला बजावून सांगितली: सोयाबीनचं पोतं आपटायचं नाही. ज्वारी-गव्हाचं चालतं, याचं नाही. वरून धड दिसतं, पण आतला कोंब मोडतो. "अंड्यावानी उचला," असं त्यांचं म्हणणं.

मृगाच्या आधी एका दुपारी वादळ उठलं. समोरच्या देवळाच्या कळसावरचा झेंडा फाटून आमच्या पत्र्यावर येऊन पडला. तेवढ्यात ओरड झाली, उत्तमरावांच्या खोलीची टिनं उडाली. ढग तर डोक्यावर आलेले. अख्ख्या गावाचं बी उघड्यावर.

रामकिसननं ट्रॅक्टर काढला. जो तो धावला. कट्टे ट्रॉलीत भरून देवळाच्या सभामंडपात आणायचे ठरलं. मी दुकानाच्या दारात उभा राहून सगळं पाहिलं. ट्रॉली ओट्याला लागली, उत्तमराव वर चढले, आणि वरून एकेक कट्टा खाली फेकायला लागले. "घ्या! घ्या रे!" खाली माणसं झेलत होती, निसटला तर कट्टा फरशीवर आदळत होता, पुढचा त्याच्यावर. पावसाचे टपोरे थेंब सुरू झाले तसा त्यांचा वेग वाढला. दुपट्टा कमरेला बांधलेला, घामानं निथळलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी त्यांना इतकं खूश आधी कधी पाहिलं नव्हतं. शेवटचे कट्टे त्यांचे स्वतःचे होते. तोवर गावाचं सगळं बी छताखाली गेलं होतं, घाई संपली होती, माणसं दमली होती. ते कट्टे खांद्यावरून सावकाश उतरवले गेले.

एक दाणा भिजला नाही. सिंधूबाईंनी सगळ्यांना चहा केला. साखर मी दिली. गाव त्या दिवशी उत्तमरावांवर खूश होतं.

पाऊस झाला, वापसा आला, पेरण्या झाल्या. आठवड्यानं लोक रानात जाऊन आले. कुठं चार रोपं, कुठं हातभर मोकळी जागा, कुठं नुसतीच माती. कोणी म्हणालं पावसानं मातीला पापडी धरली, कोणी म्हणालं खोल पडलं. आणि मग कोणीतरी बघून आलं, की उत्तमरावांचं पलीकडचं शेत मात्र गच्च उगवलंय.

उत्तमराव त्या संध्याकाळी माझ्याकडे आले ते पंचफुलाबाईच्या रानातून. तिच्याकडे उरलेलं मूठभर बी एका हातात, स्वतःचं दुसऱ्यात. "शेट, परात द्या. पानी द्या." मी दिलं. त्यांनी दोन्ही बियाणी दोन बाजूंना टाकली. त्यांचं स्वतःचं बी तसंच तळाशी पडून राहिलं. पंचफुलाबाईचं बघता बघता फुगलं, सालपटं सुटली, दाण्याच्या दोन फाका वेगळ्या झाल्या. त्यांनी एक फाक बोटांत धरून उजेडाकडे केली. मधला कोंब मोडलेला होता.

ते ओट्यावर बसले. बराच वेळ आपल्या तळव्यांकडे बघत होते.

"डोक्याले माईत व्हतं, शेट," ते म्हणाले. "हाताले माईत नव्हतं. चाळीस वर्सं जवारीचे पोते फेकले या हातानं."

मी दुकानदार आहे. मी त्यांना दुकानदाराचा सल्ला दिला. म्हटलं, उत्तमराव, लोक दोष पावसावर घालतायत ना, घालू द्या. वादळात बी वाचवलं तुम्ही. नसतं वाचवलं तर भिजूनच गेलं असतं.

"मंग शिकवलं काय म्या इतके दिवस?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात माणसं जमवली आणि उभं राहून सांगितलं. "कोनाच्या पेरनीत दोष नाई. पावसाचा बी नाई. बी फुटलं थे माह्या हातानं. मीच तुमाले म्हनलं का आपटू नोका, अन् मीच ट्रॉलीवरून आपटलं."

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कोणी ओरडलं नाही. रामकिसन तेवढा म्हणाला, "मंग तुमचंच कसं उगवलं?" उत्तमरावांनी सांगितलं, आमचे कट्टे शेवटी होते, खांद्यावरून उतरले. ते खरं होतं, मी डोळ्यानं पाहिलं होतं, आणि मी तसं उठून सांगितलं. पण खरं कधी कधी फार खोट्यासारखं ऐकू येतं. माणसं एकमेकांकडे बघून उठली. पायऱ्या उतरताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, आणि ते मलाही ऐकू आलं, त्यांनाही: "जो सोताच चुकते, त्याच्यापाशी काय शिकाव?"

मला आजही गावाचा राग येतो. ज्या माणसानं तुमच्या चुका वर्षानुवर्षं स्वतःच्या रानात उभ्या ठेवल्या, त्याची एक चूक तुम्हाला झेपली नाही? हे मी दुकानात बसून अनेकांना सुनावलंही आहे. गिऱ्हाईकं ऐकून घेतात, सामान घेतात आणि जातात.

पंचफुलाबाईचा मात्र मला राग करता येत नाही. तिनं दुबार पेरलं, उशिरा. शेंगा भरायच्या वेळी पाऊस गेला. हाती काहीच लागलं नाही म्हणून त्या हिवाळ्यात नवरा-बायको मुकादमाच्या गाडीत बसून ऊसतोडीला गेले. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून गाड्या भरून जाताना आम्ही दरवर्षी बघतो. आमच्या गल्लीतून कोणी कधी गेलं नव्हतं. त्यांच्या दाराला कुलूप लागलं. पोरं आजीकडे. होळीच्या सुमारास ती परत आली तेव्हा हाताच्या बोटांवर कोयत्याच्या खुणा होत्या आणि बोलणं कमी झालं होतं. उत्तमरावांच्या घरावरून जाताना ती पलीकडच्या बाजूनं जायची.

उत्तमराव माझ्याशी एकदाच त्याबद्दल बोलले. "लोकाईची चूक माह्या वावरात व्हावी, असं म्या ठरवलं व्हतं. माही चूक त्याईच्या वावरात झाली, शेट. याले काय म्हनाव?"

पुढच्या वर्षी पेरणीच्या सुमाराला ते गूळ न्यायला आले नाहीत. मीच दोन ढेपा सायकलला अडकवून नाल्याकडच्या रानात गेलो. दोरी लावून ओळी आखलेल्या होत्या. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी काठी रोवलेली होती. चिंधी एकाही काठीला नव्हती. ते धुऱ्यावर बाभळीखाली बसले होते, चपला शेजारी. "ठेवा शेट," ते म्हणाले. "पन यंदा जीवामृत घोलत नाई." मी तिथे थोडा वेळ बसलो. रस्त्यानं ट्रॅक्टर जात होते, ओळखीची माणसं हात करत होती, थांबत कोणी नव्हतं.

आणि ज्या सिंधूबाई जन्मभर या रानाला बोल लावत आल्या, त्या त्याच आठवड्यात घरोघर फिरल्या. मी त्यांना समोरच्या गल्लीत दारं वाजवताना पाहिलं. "या न बापा. काकर आखून ठेवले त्याईनं." पंचफुलाबाईच्या दारात तर त्या खालीच बसल्या. "पंचफुले, ये वो बाई. तुही जागा तशीच ठेवली हाय." पंचफुलाबाई सुपातले तांदूळ निवडत होती. "येईन बाई," ती म्हणाली, आणि निवडतच राहिली. ती गेली नाही. कोणीच गेलं नाही. सिंधूबाई परत जाताना दुकानाशी थांबल्या. काही घ्यायचं नव्हतं त्यांना. मी पाणी दिलं, ते प्याल्या आणि म्हणाल्या, "सकायपासून जेवले नाई हो थे."

त्यानंतर ते दोन एकर रामकिसननं ठोक्यानं, वर्षाला ठरलेले पैसे देऊन, केले. त्यानं काठ्या उपटल्या, रान सरसकट नांगरलं, तणनाशक मारलं. पीक चांगलं येतं त्याला, खोटं कशाला बोलू.

उत्तमराव दुकानात येत राहिले. पण काउंटरच्या बाहेर उभे राहून मागायचे, "पाव किलो तूरडाय द्या, शेट." एकदा मी मुद्दाम कट्टा त्यांच्यापुढे ओढला. म्हटलं, बघा बरं, ओली आहे का. त्यांनी कट्ट्याकडे पाहिलं. "तुमी पाह्यली असंल न," असं म्हणून पिशवी पुढे केली. मला त्या दिवशी दुकान बंद करून घरी जावंसं वाटलं.

मग छातीचं दुखणं निघालं, वाशीमला खेपा सुरू झाल्या, आणि पौषात ते गेले. मातीला गाव आलं होतं. अशा वेळी गाव येतंच.

पण मला ते आठवतात ते त्याच्या महिनाभर आधीचे. भाचीच्या लग्नासाठी मंगल कार्यालय बघायला मी वाशीमला गेलो होतो. व्यवस्थापक म्हणाला, आत शेतकऱ्यांचं शिबिर चाललंय, जरा थांबा. मी मागच्या दाराशी उभा राहिलो. हॉल भरलेला होता. पडद्यावर चित्रं, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या पांढऱ्या टोप्या. एक तरुण ताई छान, समजावून बोलत होती. पुढच्या रांगांत बचत गटाच्या बाया होत्या, त्यांत मला पंचफुलाबाई दिसली. आणि शेवटच्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीत, उत्तमराव. टोपी त्यांना मोठी होत होती, कानांवर उतरली होती. औषधांची पिशवी मांडीवर. बहुतेक दवाखान्यातून निघून, कार्यक्रमाचा फलक बघून आत आले असावेत.

ताईनं विचारलं, "घरचं बियाणं तपासून पेरणारं कोणी आहे का इथे? हात वर करा."

दोन-चारच हात वर झाले. त्यात पंचफुलाबाईचा होता. ताईनं तिला माइक दिला आणि करून दाखवायला सांगितलं. पंचफुलाबाई आधी लाजली, मग उभी राहिली. तिच्यापुढे ओलं गोणपाट ठेवलं होतं. तिनं दाणे मांडले, एका दाण्याला दुसरा चिकटणार नाही असे. गोणपाट गुंडाळलं, सैल, वारा जाईल असं. वर दोरा बांधला. मग कोणी न विचारता म्हणाली, "अन् कट्टा ठेवाचा तं लेकरू ठेवल्यावानी ठेवाचा. आपटला का बी गेलं."

"वा!" ताई म्हणाली. "कुठं शिकलात मावशी? कुणी शिकवलं?"

पंचफुलाबाईनं हॉलवरून नजर फिरवली. ती शेवटच्या रांगेवर आली आणि थांबली. तिनं त्यांना पाहिलं. मला ते स्पष्ट दिसलं, कारण ती माइक तोंडाजवळ धरून तशीच उभी राहिली, आणि ताईला पुन्हा विचारावं लागलं.

"कोनी नाई," ती म्हणाली. "असंच. पाहून पाहून आलं."

"बघा, याला म्हणतात अनुभव. मावशींसाठी टाळ्या."

हॉलनं टाळ्या वाजवल्या. उत्तमरावांनी औषधांची पिशवी खाली ठेवली आणि तेही वाजवायला लागले. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या चालूच होत्या. शेजारच्या माणसानं वळून पाहिलं, तेव्हा त्यांनी हात खाली घेतले.